तार जितकी ताठ, तितका ताण

प्रश्न : आमचे हौशी मंडळ गणेशोत्सवात पौराणिक नाटक करते. गेल्या वर्षी थर्माकोलचा दोन किलोचा गरुड आम्ही आठ मीटर लांब, ताठ ताणलेल्या तंगुसाच्या दोरीवरून एका विंगेतून दुसऱ्या विंगेत ओढला. ऐन प्रसंगात दोरी तुटून तो तबलजींच्या पुढ्यात कोसळला. यंदा काय बदलावे? गरुडावर लहान मुलाला बसवता येईल का?
— एक वाचक, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : दोष गरुडाच्या वजनाचा नाही, दोरीच्या ताठपणाचा आहे. आठ मीटरची दोरी मध्यभागी वीसच सेंटीमीटर झुकू दिली, तर दोन किलोच्या ओझ्याने तिच्यावर सुमारे 20 किलोचा ताण येतो. तीच 80 सेंटीमीटर झुकली, तर तो पाच किलोंवर उतरतो. शिवाय तंगुसाला गाठ मारली की तिथे त्याची ताकद बरीच घटते. म्हणून बारीक पोलादी दोर घ्यावा, त्याला झोल ठेवावा आणि गरुड कप्पीवरून न्यावा. येणाऱ्या ताणाच्या दहापट ओझे पेलणारा दोर निवडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुसरा, किंचित सैल दोर वेगळ्या आधारांना बांधून गरुडाच्या कण्यावरील कडीतून ओवावा, म्हणजे पहिला तुटला तरी गरुड लटकत राहील. दोन्हींची टोके मंडपाच्या बांबूला किंवा दिव्यांच्या दांडीला कधीही बांधू नयेत.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि पेटल्यावर तो वितळून थेंबाथेंबाने गळतो. आकाशकंदील करणारे हात गावात असतीलच. त्यांच्याकडून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून घ्यावा, सांधे सुती दोऱ्याने आवळून त्यांवर फेविकॉल लावावा आणि वर मलमल ताणून खळ द्यावी. असा गरुड एक किलोच्या आत बसू शकतो. टांगण्याच्या कड्या पंखांना नव्हे, कण्याला पुढे-मागे दोन ठिकाणी घालाव्यात. एकाच ठिकाणी टांगलेला गरुड गरगर फिरतो.

प्रयोगाआधी गरुडाच्या पाचपट वजनाची वाळूची पिशवी त्याच दोरावर रात्रभर टांगून ठेवावी आणि सकाळी प्रत्येक गाठ व कडी हाताने तपासावी. वादकांची बैठकही दोराखालून हलवावी, कारण चार मीटरवरून सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, ताशी सुमारे 32 किलोमीटर वेगाने खाली येते.

मुलाला मात्र कोणत्याही परिस्थितीत बसवू नये. माणूस उचलण्यासाठी खास पट्टे, तपासलेली यंत्रणा आणि ती चालवणारा प्रशिक्षित माणूस लागतो. वर सांगितलेली व्यवस्था फक्त कागद-कापडाच्या गरुडासाठी आहे.