तात्यांचा प्रश्न : ‘आता माझा काय उपयोग?’

‘बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलाय. डॉक्टरांनी थोडे महिने सांगितलेत. ते सारखं म्हणतात, आता माझा काय उपयोग, कशाला पैसे घालवताय. आम्ही म्हणतो, असं बोलू नका, तुम्ही बरे होणार. मग ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात. त्यांना उत्तर काय द्यायचं?’

ही विचारणा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीची. वडील तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय 62, घरात आणि भावकीत सगळ्यांचेच ‘तात्या’. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, म्हणून घरातला जो तो प्रवचन द्यायला लागतो. पहिल्या भेटीत मात्र विचारायचं ते दुखण्याबद्दल. 0 म्हणजे काहीच दुखत नाही, 10 म्हणजे सहन होण्यापलीकडे. तात्यांनी 7 सांगितलं. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ, रात्री जास्त. मॉर्फिनच्या गोळ्या घरात होत्या, पण सवय लागेल या भीतीनं मुलगा त्या तात्या कण्हायला लागल्यावरच देत होता. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारएक तास टिकतो. कळ चढल्यावर दिलेली गोळी मागेच पडते. डॉक्टरांशी बोलून गोळ्या घड्याळ लावून, दर 4 तासांनी सुरू झाल्या, सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. ते राहिलं की बद्धकोष्ठ होतं, आणि त्याला कंटाळून माणूस मॉर्फिनच सोडतो. आठवडाभरात आकडा 3 वर आला. 7 वर असलेल्या माणसाशी आयुष्याच्या अर्थाबद्दल बोलणं हा निव्वळ छळ आहे.

मग पाहायचं की हे नैराश्य आहे का. इथे नेहमीची प्रश्नावली फसवते, कारण भूक नाही, झोप नाही, थकवा आहे, ही उत्तरं कॅन्सरच देतो. पाहायचं ते दुसरंच: नातू शेजारी येऊन बसला की चेहरा उजळतो का? तात्यांचा उजळत होता. बाजारातला द्राक्षाचा दर ते रोज विचारत होते. आजचा क्षण आवडतो पण पुढे काही दिसत नाही, ही खचलेली अवस्था. नैराश्यात आजचाही रस जातो, माणूस स्वतःला दोषी मानत राहतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध लागतं. शंका असेल तर तपासून घ्यावं, कारण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये नैराश्य बरंच आढळतं.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही सरळ विचारलं. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तात्या म्हणाले, ‘एक-दोनदा आलं मनात.’ त्याच दिवशी फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली थोरल्या सुनेकडे गेली. शेतकरी घरात हे सर्वांत आधी करायचं काम. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढचा अडथळा लपवाछपवीचा. ‘गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल,’ असं तात्यांना सांगितलं होतं. त्यांना खरं केव्हाच कळलं होतं. मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प. अशा घरात जो तो दुसऱ्याला सांभाळतो आणि रोगी एकटा पडतो. ‘बाबांना सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. त्याच्याशी एवढंच ठरलं: न विचारलेलं सांगायचं नाही, विचारलेलं खोटं सांगायचं नाही. मग तात्यांना विचारलं, ‘आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती माहिती हवी, की मुलाशीच बोलू?’ तात्या म्हणाले, ‘एवढंच सांगा, ऑक्टोबरची छाटणी मला बघायला मिळणार का?’

सप्टेंबर चालू होता. डॉक्टरांचं मत, बहुधा मिळेल. पुढचं सांगता येत नाही.

न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ ब्राइटबार्ट यांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी अर्थाभोवती बांधलेली समुपदेशनाची पद्धत आहे, एकट्या रुग्णासाठी 7 बैठकांची. आपला वारसा, संकटाकडे पाहण्याची भूमिका, हातून घडणारं काम, आणि प्रेम-निसर्ग-सौंदर्याचा अनुभव, अशा चार वाटांनी ती जाते. खेड्यातल्या खाटेपाशी सात बैठका क्वचितच पुऱ्या होतात. जी वाट आधीच उघडी आहे तिथूनच आत जावं, आणि तात्यांची वाट कामाची होती.

असं काम निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. कोणाला तरी त्याची खरी गरज हवी, आजच्या ताकदीत बसायला हवं, आणि मध्येच सुटलं तरी वाया जाता कामा नये. मायेपोटी घरचे खोटी कामं देतात, ‘तात्या, एवढी लसूण सोला.’ माणसाला ते लगेच कळतं. इथे गरज खरी होती: ऑक्टोबरची ही फळछाटणी मुलाने आजवर वडिलांच्या सांगण्यावरूनच केली होती. काडी किती जाड, घड कुठल्या डोळ्यात (काडीवरच्या कोंबात) आहे, सबकेनच्या (शेंडा खुडल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या) गाठीपुढे किती डोळे राखायचे, हा निर्णय त्याने एकट्याने कधी घेतलाच नव्हता.

सकाळची गोळी लागू पडल्यावरचा दीड तास तात्यांचा सर्वांत बरा. तेवढ्या वेळात खुर्ची बागेच्या कडेला, पहिल्या चार ओळींपुरती. कात्री मुलाच्या हातात, आणि नियम असा की आधी मुलाने आपला निर्णय सांगायचा, मग तात्यांनी बोलायचं. हा नियम नसेल तर शिकवणं न होता हुकूम होतो. दुसऱ्याच दिवशी तो मोडला. तात्या चिडले, मुलगा कात्री ठेवून गेला. संध्याकाळी दोघांना शेजारी बसवून एवढंच ठरवलं की चुकलेली काडी तशीच राहू द्यायची. काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे लेप लावणं, होतं त्या दिवशी आणि फवारणीच्या दिवशी तात्यांनी घराबाहेर यायचं नाही, हेही. छाटणीनंतर माल काढायला चारेक महिने लागतात. तात्यांना तो हिशेब सांगावा लागला नाही.

दुसरं काम रेकॉर्डिंगचं. कॅनडातले डॉक्टर चोचिनोव्ह यांनी ही रीत बसवली: आयुष्यातलं काय घरच्यांनी लक्षात ठेवावं, कशाचा अभिमान वाटतो, कोणाला काय सांगायचं राहिलं, असे ठरावीक प्रश्न, तासाभराची मुलाखत, दोन-चार दिवसांत उतरवून काढलेला मजकूर आणि रुग्णालाच वाचून दाखवणं. उशीर करू नये, तब्येत थांबत नाही. वाचून दाखवणं टाळूही नये. बांधाच्या वादावरून तात्या धाकट्या भावाला दोन कडक वाक्यं बोलले होते. ऐकल्यावर एक काढायला लावलं, दुसरं ठेवलं. मजकूर कोणाकडे जायचा हेही त्यांनीच ठरवलं.

अतिदक्षता विभाग नको, घरीच राहायचं, हेही त्यांनी लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सुधारित नियमांनुसार उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. निर्णय कोणी घ्यायचा त्या जवळच्या माणसाचं नाव त्यात हवं.

छाटणी संपली आणि तोच प्रश्न परत आला. आता अंगात ताकद नव्हती, सून अंग पुसते याची लाज वाटत होती. इथे नवं काम शोधायला जाऊ नये. ‘शेवटच्या दिवसांत तुमच्या आईचं सगळं कोणी केलं?’ असं विचारल्यावर तात्या बराच वेळ त्याबद्दल बोलले. ते त्यांनीच केलं होतं आणि त्याचं त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं. पुढे अंग पुसून घ्यायला त्यांनी नकार दिला नाही.

मुलीला लिहिलेलं उत्तर थोडक्यात असं: ‘उपयोग काय’ म्हणाले की ‘असं बोलू नका’ म्हणायचं नाही. ‘कशावरून वाटलं?’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. दिवसभर मोबाईलवर भजनं लावायची असतील तर आधी त्यांना विचारायचं. झोप वाढली, दिवसातला बराच वेळ डोळे मिटलेले राहू लागले, की कामं आणि प्रश्न दोन्ही थांबवायचे. ओल्या कापसानं ओठ भिजवायचे. आणि गिळता येईनासं झालं तर मॉर्फिन कोणत्या मार्गाने द्यायचं, हे डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवायचं, कारण ती वेळ बहुतेक वेळा रात्री येते.