एक्सपी परत आणाल, पण शाकारणी कोण करणार?

तुम्ही विचारलंय की विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम एवढी हलकी आणि सुटसुटीत होती, तर तीच आजच्या काळाला चालेल अशी करून पुन्हा का आणू नये.

देवगडजवळ जामसंड्यात गेली वीसेक वर्षं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रॅमचे हिरवे पडलेले पाय खोडरबराने घासणं हे इथलं रोजचं काम, खारी हवा कुणालाच सोडत नाही. तर माझं उत्तर सरळ आहे: एक्सपी आणू नये. मात्र प्रत्येक जुन्या सिस्टीमबद्दल मी हेच म्हणणार नाही.

हलकी होती हे खरंच. ६४ एमबी रॅमवरही ती कशीबशी चालायची. विंडोज ११ ला दारात पाऊल टाकायलाच ४ जीबी आणि वर टीपीएमची, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी, चिप लागते. पण आठवणीत माणूस हिशोब अर्धाच ठेवतो. एक्सपीत मराठी नीट दिसावं म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक टिक करावी लागायची, मग ती मूळ सीडी मागायची, आणि आमच्याकडे पावसाळ्यानंतर त्या सीडीला बुरशी धरलेली असायची. २००३ च्या ऑगस्टमधला ब्लास्टर व्हायरस आठवतोय? नेट जोडलं की थोड्या वेळात साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू, आणि मशीन बंद. नेटवरून येणारा आगंतुक अडवणारी फायरवॉल आपसूक चालू राहायला लागली ती पुढच्या वर्षी, सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आल्यावर. म्हणजे जी 'चांगली एक्सपी' आपल्याला आठवते ती बाजारात आली तेव्हाची नव्हेच. २००१ पासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत ठिगळं लावून लावून झालेली ती एक्सपी आहे.

आमच्याकडे कौलारू घराची दर उन्हाळ्यात शाकारणी करतात. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपांना वाळवी लागलीय का बघायचं, आणि मृगाच्या आत सगळं परत चढवायचं. गणपतीला आलेला चाकरमानी ओटीवर चहा पीत म्हणतो, "घर आहे तसंच ठेवा हां, स्लॅब घालू नका." बरोबरच म्हणतो तो. फक्त मे महिन्यात छपरावर चढायला तो नसतो. ऑपरेटिंग सिस्टीमचं तंतोतंत हेच. २०१४ ला सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठी २०१७ च्या मे महिन्यात, वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या धुमाकुळात, मायक्रोसॉफ्टला पुन्हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, काढावा लागला. नव्याने आणलेल्या एक्सपीला असे पॅच दर महिन्याला लागतील. शिवाय आजच्या वेबसाइट उघडायला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत हवी, ती तिच्यात नाही; नव्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर नाहीत; आणि ३२ बिटवाली ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. हे सगळं बदलत गेलात की शेवटी हातात जे येईल ते विंडोज १० सारखंच काहीतरी असेल, आणि तेही तुम्हाला जडच वाटेल.

बाहेरच्यांनी असे प्रयत्न केलेत. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी मोकळी, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सिस्टीम बनवायची म्हणून रिॲक्टओएसचं काम १९९६ पासून चाललंय, अजून अल्फाच, म्हणजे कच्च्या अवस्थेतच, आहे. बीओएस ही नव्वदच्या दशकातली सिस्टीम माझी आवडती. तिची कंपनी २००१ मध्ये पामने घेतली आणि त्याच वर्षी काही हौशी लोकांनी ती पुन्हा लिहायला घेतली. तिचं नाव आता हायकू. २०२४ ला पाचवी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली. मी टाकून पाहिलीय. सुरेख चालते, आणि दुकानात एकही गिऱ्हाईक तिच्यासाठी येत नाही.

फ्रीडॉसची गोष्ट निराळी. जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १९९४ ला डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा मोकळा अवतार बनवायचं जाहीर केलं, पहिली पक्की आवृत्ती यायला २००६ उजाडलं. बारा वर्षं लागली, पण काम पुरं झालं, कारण मुळात डॉस लहान आणि पुढे बदलणारही नव्हता. त्याचं छप्पर कधीतरी पुरं होणारं होतं.

त्याचा उपयोग मी स्वतः केलाय. इथल्या एका बागायतदार काकांच्या आंब्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) आणि पेट्यांचा हिशोब फॉक्सप्रो या डेटाबेसमधल्या जुन्या डॉस प्रोग्रॅमवर, एक्सपीच्या काळ्या खिडकीत चालायचा. बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. ऐन हंगामात मशीनचा मदरबोर्ड गेला. नवीन मशीन घ्या म्हटलं, तर ६४ बिटच्या विंडोजवर तो डॉसचा प्रोग्रॅम उघडतच नाही. काकांचं एकच, "माका नवीन काय एक नको. होता तसाच करून दी." अडगळीतून त्या प्रिंटरला लागणाऱ्या जुन्या पॅरलल पोर्टवालं एक मशीन काढलं, त्यावर फ्रीडॉस घातला. पेनड्राइव्ह मशीन चालू करायच्या आधी लावावा लागतो, हे तेवढं त्यांच्या सुनेला शिकवलं. हिशोबाच्या डीबीएफ फायली ती घरच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघते. नेट नाही, त्यामुळे त्या वाटेने व्हायरस यायचा प्रश्नच नाही.

तुमचं जुनं मशीन धडधाकट असेल आणि फक्त हलकेपणा हवा असेल, तर लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर टाकून बघा. मराठीसाठी सीडी मागत नाही.

काका महिन्याभराने आले. म्हटलं काय बिघडलं आता. तर म्हणतात, "सगळा बरा आसा, पण तो हिरवो डोंगर खय गेलो रे?" एक्सपीचा वॉलपेपर, कॅलिफोर्नियातला. रंगीत प्रिंट काढून दिली. मॉनिटरच्या वर, दिनदर्शिकेच्या शेजारी चिकटवलीय.