वाचक विचारतात : बोर्डाने ३६ टक्के लिहिले, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार ताई. ह्यांना (वय ५४) मागच्या वर्षी लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. सांवेर रोडला कारखान्यात सुपरवायझर होते, ती नोकरी सुटली. फिजिओथेरपीने आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. समजतं सगळं पण शब्द येत नाही तोंडात, काहीही विचारा, 'हो हो' म्हणतात. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी बोर्डासमोर नेलं तर हाडांचे डॉक्टर होते, हात वर करा म्हणाले, चालून दाखवा म्हणाले, बटण लावता येतं का विचारलं, हे म्हणाले हो, हाताने जेवता का, हो. झालं, पाच मिनिटांत बाहेर. मी मधे बोलायला गेले तर 'बहनजी आप बाहर बैठिए'. सर्टिफिकेट आलं ३६ टक्के, आणि ४० नाहीत म्हणून पेन्शनचा अर्जही रद्द. खिडकीवरचा माणूस म्हणतो अब कुछ नहीं होता. मुलगा म्हणतो आई सहाशे रुपयांसाठी किती फिरशील, सोड. आणि हे तर आता कुठे यायलाच तयार नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी चिडते, ओरडते, मग रात्री मलाच झोप लागत नाही. लढायचं तर कसं, का सोडून द्यायचं?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : अहो वहिनी, सोडायचं की नाही ते मागून बोलू, आधी बोर्डाने मोजलं काय ते बघू. तुमच्या पत्रात ते अगदी स्वच्छ आलंय, तुमच्याच लक्षात आलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी हात-पाय मोजले. बोलणं कोणी मोजलंच नाही.

२०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि त्यात हातापायाचं वेगळं, वाचा आणि भाषेचं वेगळं. मेंदूला मार लागून भाषा जाते त्याला अफेजिया म्हणतात, आणि हा अफेजिया त्या कायद्याच्या व्याख्येत नाव घेऊन लिहिलेला आहे, म्हणजे ही काही ओढूनताणून काढलेली पळवाट नव्हे. एकाच माणसाला दोन अपंगत्वं असतील तर दोन्ही तपासून मग एकत्र आकडा काढायचा असतो. हा आकडा साध्या बेरजेने निघत नाही, त्याचं एक सूत्र आहे : मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा हातापायाचे ३६ आणि वाचेचे १८ निघाले, तर ५४ होत नाहीत, ४६.८ होतात. पण ४० तर ओलांडले ना! वाचेचे खरे किती निघतील ते तपासणाराच सांगेल, मी फक्त हिशोब कसा चालतो ते दाखवलं.

आणि ते 'हो हो'. अफेजियात बऱ्याच जणांच्या तोंडी एखादाच शब्द उरतो आणि तोच सगळीकडे येतो, त्याचा अर्थ हो असेलच असं नाही. बोर्डातल्या डॉक्टरांनी तो हो म्हणून लिहून घेतला. मला सांगा, त्या दिवशी ह्यांच्या शर्टाची बटणं कोणी लावली होती? तुम्हीच ना? दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून नेलं असणार, आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे तसंच जातात, त्यात वाईट काही नाही पण समोरच्याला दिसतो तो तयार होऊन आलेला माणूस, त्याला तयार करायला सकाळचा सव्वा तास कोणाचा गेला ते दिसत नाही. ते कागदावर आणायचंय.

आता दारं. आपल्याकडे लोक थकतात ते बहुतेक चुकीच्या दारात उभं राहून. तुमच्या केसमध्ये पेन्शनवाल्यांशी भांडून उपयोग नाही, त्यांच्यासमोर ३६ लिहिलेला कागद आहे, ते ४० कुठून धरणार. पेन्शन नाकारल्याचं अपील (सरकारी कामं मुदतीत व्हावीत यासाठीच्या मध्य प्रदेशच्या लोक सेवा गारंटी कायद्यात, ३० दिवसांच्या आत पहिलं अपील) हे ४० असूनही नाकारलं किंवा मुदतीत निर्णयच दिला नाही, अशांसाठी. तुमचं भांडण बोर्डाच्या आकड्याशी आहे आणि त्याचं दार दिव्यांगजन कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे : सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तेव्हा 'अब कुछ नहीं होता' हे खिडकीवरच्या माणसाचं मत झालं, कायद्याचं नाही.

करायचं असं. बोर्ड ज्या ऑफिसचा आहे तिथे एक साधा अर्ज द्या, हिंदीतच लिहा, दोन ओळी पुरेत : 'मेरे पति की वाणी एवं भाषा की जांच नहीं की गई है, कृपया पुनः परीक्षण हेतु तारीख दें. अपील अधिकारी का नाम एवं समय-सीमा लिखित में बताएं.' दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी सांगितलेलं काही धरू नका, गोड बोलून सांगितलं तरी. हे या आठवड्यातच करा कारण अपिलाला मुदत असते. त्याच दिवशी दहा रुपयांचा आरटीआय टाका, त्यात बोर्डाच्या तपासणीच्या शीटची नक्कल मागा, कोणी तपासलं, काय मोजलं, ३६ कसे आले. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती शीट आली की वाचेचा रकाना रिकामा आहे हे तुम्हाला तोंडाने सांगावं लागणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकल ॲडमिशनच्या एका केसमध्ये सांगितलंय की अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डांनी आपल्या निष्कर्षाची कारणं द्यायला हवीत. ती केस वेगळी होती पण अर्जात उल्लेख करायला हरकत नाही.

मधल्या काळात कागद जमवा. डिस्चार्ज समरी आणि एमआरआय तर असेलच. न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या ज्यात अफेजिया हा शब्द लिहिलेला असेल, नुसतं 'बोलायला त्रास' नको. आणि स्पीच थेरपिस्टकडून भाषेची रीतसर टेस्ट करून घ्या, तिच्यात स्कोर निघतो. इथे एक गोष्ट इंदूरच्या आपल्या मराठी घरांसाठी मुद्दाम सांगते : थेरपिस्टला आधीच सांगा की घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी. माणूस आयुष्यभर कारखान्यात हिंदी बोलला तरी तो स्वयंपाकघरात कोणत्या भाषेत हाक मारायचा हे तपासणाऱ्याला माहीत असायला हवं, नाहीतर रिपोर्ट अर्धवट यायचा.

शिवाय एक वही घाला. आठवडाभर रोज चार ओळी, रडगाणं नको, नुसती कामं : आंघोळीला कोणी घातलं, भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडता आला का, फोन वाजला तर उचलला का, पाणी हवं होतं तेव्हा कसं सांगितलं. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घ्या, पण ह्यांना विचारून, लपूनछपून नको. पुढच्या तारखेला अर्जातच लिहा की पेशंटला बोलता येत नाही, सोबतच्या माणसाला आत बसू द्यावं. तरी बाहेर बसवलं तर वहीच्या पानांची झेरॉक्स डॉक्टरांच्या हातात द्या, भांडू नका, पान द्या.

मंगळवारी कलेक्टोरेटला जनसुनवाई असते, तिथे जाऊन टक्के वाढत नाहीत, ते काम डॉक्टरांचंच आहे, पण अर्ज दाबून ठेवलाय, तारीखच देत नाहीत असं असेल तर तिथून हलतं. तिथेही नाहीच झालं तर भोपाळला दिव्यांगजनांचे राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते, त्यांनी शिफारस केली तर संबंधित खात्याला तीन महिन्यांत त्यावर काय केलं ते कळवावं लागतं. वकील लागलाच तर पैसे मोजू नका, अपंग व्यक्तीला आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, किंवा १५१०० वर फोन करा.

आता मुलाचं 'सहाशे रुपयांसाठी'. त्याला विचारा तो इन्कम टॅक्स भरतो का आणि जुन्या रिजीममध्ये आहे का. असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या वडिलांचं अपंगत्व ४० टक्के असलं तर त्याच्या उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० किंवा त्याहून जास्त असलं तर १,२५,०००. हे ऐकल्यावर फाइल घेऊन पळेल बघा तो! चेष्टा सोडा, पण फाइल आता त्याच्याकडे द्याच. आरटीआय त्याने टाकायचा, झेरॉक्स त्याने काढायच्या, आवक नंबर त्याने जपायचा. तुम्ही फक्त तारखेच्या दिवशी ह्यांना घेऊन जायचं. घरातलं सगळं करून वर ऑफिसंही एकाच बाईने करायची, मग ओरडणार नाही तर काय करणार ती.

ह्यांच्याबद्दल एक काळजीची गोष्ट. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं आणि बोलता येत नसलं की ते कोणाला कळतच नाही, आपल्याला वाटतं हट्ट करतायत. भिंतीकडे तोंड करून पडणं, यायला नकार, हे पुढच्या व्हिजिटला न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा, त्यावर औषध असतं. बोर्डाचा विषय त्यांच्यासमोर रोज काढू नका. त्या खोलीत त्यांचा अपमान झालाय, आणि तो त्यांना सांगताही येत नाहीये. नेण्याच्या आदल्या दिवशी शांतपणे सांगा की या वेळी हात-पाय नाही, बोलण्याची तपासणी आहे, आणि 'हो' ऐवजी मान हलवायची किंवा अंगठा दाखवायचा, घरी तशी थोडी सवय करा. तुम्हाला स्वतःला रात्री फारच जड झालं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो.

आणि सोडायचं का? माझं मत विचारलंत तर एवढं एक अपील कराच. अपिलात आकडा खालीही येऊ शकतो हे खरं, म्हणून ४२-४५ वाल्यांना मी दहा वेळा विचार करा म्हणते, पण तुम्ही आधीच ४०च्या खाली आहात, तुमचं जायचं काय? मात्र ह्यांची तब्येत बिघडली, किंवा तुमची, तर दोन महिने फाइल कपाटात गेली तरी चालेल, मुदतीच्या आत अर्ज पडलेला असला म्हणजे झालं. सोयरे काय म्हणतात ते सोडा.

प्रश्न : मुलीला जन्मापासून ऐकायला कमी येतं. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन केला, कित्येक महिने झाले, पोर्टलवर नुसतं पेंडिंग दिसतं. १८१ ला (सीएम हेल्पलाइनला) तक्रार केली तर तिकडून फोन आला, मॅडम हो जाएगा, आप शिकायत बंद करवा दीजिए. करू का बंद?
– वैशाली नगर, इंदूर

उत्तर : नाही! मुळीच नाही. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत 'संतुष्ट' हा शब्द फोनवर उच्चारू नका, एकदा बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून सांगत बसा. फोन करणाऱ्याला गोडीत म्हणा, तारीख मेसेजने पाठवा, काम झाल्यावर मीच बंद करते. २०२४ मध्ये नियम बदलले, आता अर्जापासून तीन महिन्यांची मुदत धरली आहे (आधी एक महिना होती), ती उलटली असेल तर तसं तक्रारीत लिहा. पण एकदा हेही तपासा की तपासणीची तारीख येऊन गेली नाही ना, कधीकधी मेसेज जुन्या नंबरवर जातो. आपल्या बाजूने काही राहिलं आणि दोन वर्षं गेली की अर्ज निकामी होतो, पुन्हा नवा करावा लागतो. समग्रमधलं (राज्याच्या कुटुंब-नोंदणीतलं) नाव, आधारमधलं नाव आणि अर्जातलं नाव एकच आहे ना तेही बघा, स्पेलिंगच्या एका अक्षराने अडकलेले अर्ज इथे कमी नाहीत.

प्रश्न : एक माणूस म्हणतो आठ हजार द्या, ६० टक्क्यांचं करून देतो, सगळे असंच करतात. भावाचे खरे ३० आहेत. काय करावं?
– नाव नको

उत्तर : देऊ नका. खोटं सांगून अपंगांच्या सवलती घेतल्या तर २०१६च्या त्याच दिव्यांगजन कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि यात अडकतो तो सवलत घेणारा, तो आठ हजारवाला तेव्हा फोनही उचलत नाही. भावाचे ३० कमी वाटत असतील तर वरच्या वहिनींना सांगितलं तेच करा, आधी तपासणीची शीट मागवा आणि काय मोजायचं राहून गेलंय ते बघा. काहीच राहिलं नसेल तर ३० हेच खरे. ४० च्या खालच्यांनाही यूडीआयडीचं पांढरं कार्ड मिळतं, ते काढून ठेवा, पुढे त्रास वाढला तर त्याच नंबरावर पुन्हा तपासणी मागता येते.