मुरबाडला वडिलोपार्जित जमीन, आम्ही राहायला ठाण्यात. बोगस मुखत्यारपत्राने कुणी परस्पर विकली तर कळणार कसं?

फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीवर, नजर ठेवा. खरेदीखत नोंदलं की तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, टोळ्यांचं फावतं ते इथेच. म्हणून ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर गावाचे प्रलंबित फेरफार दर आठवड्याला बघा. नुसता सातबारा बघून भागत नाही, नाव बदललेलं दिसेपर्यंत मुदत उलटलेली असते.

हरकत लेखीच द्या, पोच घ्या. फेरफार मंजूर झालाच असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील. दुय्यम निबंधकाकडून खताची नक्कल काढा: फोटो, अंगठे, ओळख पटवणारे साक्षीदार सगळं त्यात सापडतं. बहुतेकदा तोतया उभा केलेला असतो, कधी कधी तर मयत माणसाच्या नावाने! ती नक्कल जोडून ठाणे ग्रामीण पोलिसांकडे तक्रार करा.

गुन्हा नोंदवल्याने खत मात्र रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी दावा, तोही कळल्यापासून 3 वर्षांत. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकताच येत नाही. आधी त्या परवानगीचा आदेश मागा.