कोचला कुणी विचारत नाही, स्केटरला मात्र विचारतात

प्रश्न: फिगर स्केटिंग नुकतंच बघायला लागलेय. एक गोष्ट खटकते. एकच कोच आत्ता एका देशाचं जॅकेट घालून मार्कांची वाट बघत बसतो आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच देशाचं. मग हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा?

उत्तर: शिष्यांच्या बाजूचा, दुसरं काय. ब्रायन ऑर्सरचंच घ्या. कॅनडाचा माणूस, १९८४ आणि १९८८ ला स्वतः ऑलिम्पिकची सिल्व्हर मेडल्स घेतलेला, आणि २०१० चं ऑलिम्पिक झालं तेही कॅनडातच, व्हँकुव्हरला. तिथं तो उभा होता कोरियाच्या युना किमसाठी. तिनं गोल्ड घेतलं, कॅनडाची जोआनी रोशेट ब्राँझवर राहिली. दोघींच्या मधे सिल्व्हर कुणाला, तर जपानच्या माओ असादाला, आणि माओची कोच होती रशियाची तात्याना तारासोवा! म्हणजे आपण टीव्हीसमोर कोरिया विरुद्ध जपान म्हणून श्वास रोखून बसलेलो, आणि तिकडं रिंकच्या कडेला, कोच उभे राहतात तिथं, एका बाजूला कॅनडा, दुसऱ्या बाजूला रशिया. त्याच वर्षी आइस डान्समधली, म्हणजे जोडीनं बर्फावर नाचायच्या प्रकारातली, गोल्ड जिंकणारी कॅनडाची जोडी आणि सिल्व्हरवाली अमेरिकेची जोडी, दोन्ही मिशिगनमधल्या एकाच रिंकवर सराव करायच्या आणि दोघांचे कोचही तेच, मरिना झुएवा आणि इगोर श्पिलबँड, दोघं सोव्हिएत युनियनमधून आलेले.

मला यात गद्दारी अजिबात दिसत नाही. उडी शिकवायला बर्फ लागतं, नजर लागते आणि वर्षानुवर्षं रोज पहाटे उठायची तयारी लागते, आणि हे जिथं मिळेल तिथं पोरं जाणारच.

प्रश्न: मिशेल क्वान, नेथन चेन, क्रिस्टी यामागुची हे अमेरिकेकडून खेळले पण मूळचे आशियाईच ना? मग त्यांचं यश आशियाचं म्हणायचं की अमेरिकेचं?

उत्तर: तुमच्या प्रश्नातला "मूळचे" हा शब्द मला जरा टोचला, तुम्ही आपुलकीनं विचारलंय हे कळतं, तरी टोचला, कारण याच शब्दानं या मुलांना फार त्रास दिलाय. मिशेल क्वान कॅलिफोर्नियात जन्मली, तिथंच वाढली, आईवडील हाँगकाँगहून आलेले. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये तिच्याच देशाची तारा लिपिन्स्की पहिली आली आणि मिशेल दुसरी, तर एमएसएनबीसी या अमेरिकन न्यूज चॅनलच्या साइटवर बातमीचा मथळा आला की अमेरिकन मुलीनं क्वानला हरवलं. अहो, मग क्वान कोण होती?? नंतर त्यांनी माफी मागितली, पण २००२ ला अमेरिकेचीच सेरा ह्यूजेस जिंकली तेव्हा सिएटलच्या एका पेपरनं पुन्हा तसाच मथळा दिला, अमेरिकन मुलगी क्वान आणि रशियाच्या स्लुत्स्कायाला भारी पडली म्हणून. पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, नऊ वेळा अमेरिकेची नॅशनल चॅम्पियन असलेली मुलगी, आणि मथळा लिहिणाऱ्याला चेहरा आणि आडनाव बघून ती परकीच वाटली.

यामागुचीचं तर त्याहून. १९९२ चं ऑलिम्पिक गोल्ड तिनं अमेरिकेला दिलं, आणि तिच्या आईचा जन्म झाला होता तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या स्वतःच्याच लोकांना डांबून ठेवलं होतं त्या छावणीत.

आणि हे एकाच बाजूनं होतं असं नाही हं. झू यी लॉस एंजेलिसमध्ये जन्मली, अमेरिकन नागरिकत्व सोडून चीनकडून खेळली, २०२२ ला बीजिंगमध्ये टीम इव्हेंटला पडली, तर चिनी सोशल मीडियावर लोक तिच्यावर तुटून पडले, हिला धड चिनी बोलता येत नाही इथपर्यंत. त्याच ऑलिम्पिकमध्ये सॉल्ट लेक सिटीत जन्मलेला नेथन चेन अमेरिकेकडून गोल्ड जिंकला तर त्यालाही चीनमधल्या काही लोकांनी गद्दार म्हटलं. ही गेली तरी चुकली, हा नाही गेला तरी चुकला. आणि नेथनचा कोच राफाएल अरुत्युन्यान, तिबिलिसीत जन्मलेला आर्मेनियन वंशाचा माणूस, अमेरिकेचं जॅकेट घालून शेजारी बसला होता, त्याला तू नक्की कुठला म्हणून कुणी छेडलं नाही. माझा राग यावर आहे.

अर्थात प्रत्येक कोच असा सुटला असं नाही. मेबल फेअरबँक्स ही काळी मुलगी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्केटिंग शिकू बघत होती तेव्हा तिला रिंकच्या दारातून परत पाठवलं, स्पर्धेत तर उतरूच दिलं नाही. पुढं ती कोच झाली आणि जी मुलं क्लबांना नको होती त्यांना शिकवलं. आठ वर्षांची टाय बॅबिलोनिया आणि दहा वर्षांचा रँडी गार्डनर यांची जोडी तिनंच लावली, टाय मुलाचा हात धरायलाच तयार नव्हती, शेवटी लालूच दाखवून हात धरायला लावला. पुढं ही दोघं दुसऱ्या कोचकडे गेली आणि १९७९ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, टायच्या घराण्यात काळे, फिलिपिनो, नेटिव्ह अमेरिकन असे सगळे. आता ते यश "मूळचं" कुणाचं सांगा बरं.

म्हणून मला विचाराल तर, यश त्या मुलीचं आणि ती ज्या देशाचं नाव लावते त्या देशाचं. बाकीच्यांनी अभिमान वाटून घ्यावा की, खुशाल घ्यावा, कझाकस्तानच्या डेनिस तेनवर कोरियातले लोकही जीव टाकायचे, कारण तो स्टालिननं १९३७ ला मध्य आशियात हाकललेल्या कोरियन लोकांच्या वंशातला. २०१४ ला त्यानं कझाकस्तानला फिगर स्केटिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक मेडल दिलं. २०१८ मध्ये अल्माटीत त्याचा खून झाला, पंचवीस वर्षांचा होता, अजून लिहिताना हात थांबतो. अभिमान असा असावा, फक्त पडल्यावर हिशोब मागू नये.

प्रश्न: पेअर्समध्ये, म्हणजे मुलगा-मुलगी जोडीनं स्केटिंग करतात त्यात, दोघं वेगवेगळ्या देशांचे असले तर चालतं का?

उत्तर: वर्ल्ड चॅम्पियनशिपला चालतं, दोघांपैकी एक त्या देशाचा नागरिक असला की झालं. आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असाल तर तिथल्या फेडरेशनची परवानगी लागते आणि थांबावंही लागतं. ऑलिम्पिकला मात्र दोघंही नागरिक हवेतच. फ्रान्सचा ब्रुनो मासो जर्मनीकडून युक्रेनमध्ये जन्मलेल्या अल्योना साव्हचेंकोबरोबर खेळायचा, तो जर्मन भाषेच्या परीक्षेतच अडकला होता, २०१७ च्या शेवटी एकदाचं नागरिकत्व मिळालं आणि २०१८ ला दोघांनी गोल्ड घेतलं.

पण माझ्या मनात घर करून राहिलीय ती युको कावागुची. जपानची मुलगी, रशियन कोच तमारा मोस्कविनाकडेच शिकायचं म्हणून मागं लागली, तिच्याकडे गेली आणि अलेक्झांडर स्मिर्नोव्हबरोबर रशियाकडून उतरली. जपान दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जपानचं सोडावं लागलं. १९६४ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पेअर्सचं गोल्ड सोव्हिएत नाहीतर रशियन जोडीनं नेलेलं, ते सगळं ओझं २०१० ला या जपानी मुलीच्या खांद्यावर, आणि ती जोडी चौथी आली. रशियन लिपीतून नाव लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळे स्कोअरबोर्डावर तिचं आडनाव तेव्हा कावागुची नव्हतं, कावागुती होतं.