अलाबामा की ॲरिझोना? दोन्हीकडे मेरिट स्कॉलरशिप आहे, लेकीला कुठे पाठवावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातला असाच एक एप्रिल आठवला. तुम्ही न्यू जर्सीत, आणि टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ आणि टूसानचं ॲरिझोना विद्यापीठ, अमेरिकेतल्या या दोन्हीकडून तुमच्या लेकीला स्कॉलरशिप. रकमेने अलाबामाची मोठी. तिला एअरोस्पेस (विमानं-अवकाशयानांचं इंजिनिअरिंग) घ्यायचं की ऑप्टिक्स (प्रकाश आणि भिंगांचं शास्त्र), हे तिचं ठरत नाही. आणि घरचे सगळे म्हणतायत, "पैसे जास्त तिकडे जा, विचार कसला करायचा!"

विचार करायचा आहे. रकमेआधी अटी वाचा, असं मी कळकळीने सांगेन. हे आम्ही सोसलंय.

माझ्या मुलाला तिसऱ्याच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात चांगली स्कॉलरशिप होती. ती दरवर्षी चालू राहायला जीपीए (चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी) 3.0 हवा, अशी अट होती. बारावीपर्यंत हा मुलगा कधी 'ए'च्या खाली आला नव्हता, म्हणून ती ओळ आम्ही वाचली आणि पुढे गेलो. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस-टू, केमिस्ट्री आणि घरापासून लांबचा पहिला हिवाळा. मेमध्ये जीपीए 2.91. त्याने उन्हाळ्यात दोन कोर्स करून तो तीनच्या वर नेला, पण तिथला नियम मेचाच आकडा धरायचा होता. वर्षाची रक्कम गेली. पैशांची सोय आम्ही कशीबशी केली. पण "मी तुमचे पैसे घालवले" हे ओझं तो कितीतरी महिने वाहत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

म्हणून दोन्हीकडच्या फायनान्शियल एड ऑफिसला आजच मेल करा. फोनवर नको, उत्तर लेखी हवं. जीपीए कोणत्या तारखेचा धरतात? उन्हाळी कोर्स मोजतात का? घसरला तर सावरायला एक सेमिस्टर देतात का? गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का? मेजर (मुख्य विषय) बदलला किंवा को-ऑपसाठी, म्हणजे शिकता शिकता कंपनीत पगारी काम करायला, एक सेमिस्टर बाहेर काढलं तर काय? एपी क्रेडिटमुळे (शाळेतच केलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या श्रेयामुळे) ती साडेतीन वर्षांत मोकळी झाली, तर उरलेलं सेमिस्टर मास्टर्सला वापरता येईल का? रकमेत दोन-तीन हजार डॉलरचाच फरक असेल, तर या उत्तरांवरून निर्णय घ्या.

आता हिशोब. स्कॉलरशिप ठरावीक डॉलरची आणि ट्युशन (विद्यापीठाची शिक्षण फी) वाढती, असं असेल तर अवॉर्ड लेटरवरचा आकडा पहिल्या वर्षापुरताच खरा. समजा ट्युशन 32,000 आणि स्कॉलरशिप 20,000. पहिल्या वर्षी खिशातून 12,000. ट्युशन वर्षाला 4 टक्क्यांनी वाढली, तर चौथ्या वर्षी खिशातून जवळपास 16,000 जातात, आणि चार वर्षांत मिळून तुमच्या अंदाजापेक्षा सुमारे 8,000 जास्त. ॲरिझोनाने 2014 पासून नव्या विद्यार्थ्यांना आठ सेमिस्टर तीच बेस ट्युशन ठेवण्याची योजना आणली. तुमच्या लेकीच्या बॅचला ती लागू आहे का, हे नक्की विचारा. लागू असेल तर 'मोठ्या' आणि 'छोट्या' स्कॉलरशिपमधलं अंतर बरंच कमी होईल. इंजिनिअरिंगची जादा फी आणि ऑनर्स कॉलेजची (हुशार मुलांसाठीच्या खास विभागाची) फी वेगळी असते का, तेही बघा. हे आकडे पत्रात ठळक नसतात.

शिक्षणाचं म्हणाल, तर ऑप्टिक्स तिच्या मनात खरोखर असेल, तर मी टूसानच म्हणेन. ऑप्टिकल सायन्सेस सेंटर तिथे 1964 साली सुरू झालं. पदवीपातळीवर ऑप्टिकल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या जागा अमेरिकेतसुद्धा मोजक्या आहेत. त्यांच्या फुटबॉल स्टेडियमखाली आरशांची प्रयोगशाळा आहे. फिरत्या भट्टीत काच वितळवून 8.4 मीटर व्यासाचे दुर्बिणीचे आरसे तिथे ओततात. जायंट मॅजेलन दुर्बिणीचे सात मुख्य आरसे तिथलेच. बेन्नू लघुग्रहावरची माती 2023 मध्ये पृथ्वीवर आणणारी ओसायरिस-रेक्स मोहीमही याच विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झाली. दुर्बिणीच्या वेडाने झपाटलेल्या मुलीला यापेक्षा काय हवं?

एअरोस्पेस म्हणाल, तर दोन्हीकडे आहे. अलाबामाला हलकं लेखू नका. नासाचं मार्शल सेंटर त्याच राज्यात, हन्ट्सव्हिलला. टस्कलूसाजवळ व्हॅन्स इथे मर्सिडीजचा कारखाना, म्हणजे को-ऑपची संधी जवळ. बाहेरच्या राज्यांतून येणारी मुलं तिथे भरपूर, त्यामुळे न्यू जर्सीची मुलगी एकटी पडणार नाही. मात्र तिथलं जगणं अमेरिकन फुटबॉलभोवती आणि ग्रीक लाइफभोवती (मुलामुलींच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी मंडळांभोवती) बरंच फिरतं. लाखभर माणसं मावणारं स्टेडियम भरलं की सगळं गावच सामन्यात असतं. काही मुलं त्यात फुलतात, काहींची घुसमट होते. आपली लेक यातली कोणती, हे आईलाच जास्त ठाऊक.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे म्हणून विचारते. लेक अजून एच-4 वर (एच-1बी वर नोकरी करणाऱ्या पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) आहे का? असेल तर पगारी इंटर्नशिप, को-ऑप, लॅबमधलं पगारी काम, काहीच करता येत नाही. वयाची एकवीस वर्षं झाली की एच-4 संपतो आणि एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. पूर्णवेळ शिकत एक शैक्षणिक वर्ष झालेलं असेल, तर एफ-1 वर विषयाशी निगडित कामासाठी सीपीटी (शिकत असतानाच काम करायची परवानगी) मिळू शकतो. पण एफ-1 झाल्यावर स्कॉलरशिप तीच राहते, की आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे नियम लागतात? हेही त्याच मेलमध्ये विचारा, आणि वकिलाशीही बोला. आमच्या ओळखीत एका मुलाला हे तिसऱ्या वर्षी कळलं.

प्रवासाचं सांगते. टस्कलूसाला जायला बर्मिंगहॅमला उतरून पुढे तासभर गाडी. टूसानला स्वतःचा विमानतळ आहे, पण नेवार्कहून बहुतेकदा मध्ये विमान बदलावं लागतं आणि दिवस जातो. टूसानचा उन्हाळा भाजून काढतो. टस्कलूसाला वसंतात टोर्नेडोचे भोंगे वाजतात. 2011 च्या एप्रिलमध्ये त्या गावाने फार मोठा तडाखा सोसलाय, त्यामुळे डॉर्ममध्ये आसऱ्याची जागा कुठे आहे, हे पालकांनी विचारण्यात गैर काही नाही.

1 मेपर्यंत प्रवेश पक्का करायचं डिपॉझिट भरायचं असतं. तोवर एका आड-दिवशी तिला टूसानला घेऊन जा, ओरिएंटेशनच्या गर्दीत नको. तिला वर्गात बसू द्या, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर कॉफी घेत थांबा. जमलं तर टस्कलूसालाही असंच करा. अटींची उत्तरं आली की इथे लिहा, मी तुमच्याबरोबर बसून एकेक ओळ वाचेन.