दत्तक मुलीला जन्मदात्या आईला शोधायचंय. तिनं भेट नाकारली तर?

शोधू द्या, पण एकटीला सोडू नका. हा तुमच्यावरचा राग नाही. १८ पूर्ण झाली असेल तर ती स्वतः 'कारा'कडे (दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची यंत्रणा) किंवा दत्तक देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करू शकते. २०२२ च्या नियमावलीत तशी सोय आहे. मात्र बाळ सोपवताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती लागते. नकार येऊ शकतो, हे आधीच बोलून ठेवा. कदाचित त्या बाईनं सासरी कुणाला सांगितलंही नसेल.

आमच्या लेकीला नकार आला. "आम्ही आहोत ना" म्हटलं, तर उठून आत गेली. तिसऱ्या रात्री मी न बोलता तिचे केस विंचरायला घेतले, तेव्हा कुठे रडली.